लिव्हर एकाचा, कॅलिपर दुसऱ्याचा

नागपूरच्या बर्डीवरच्या कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात जाऊन ब्रेक ऑइल मागा. दुकानदार काही न विचारता फळीवरची बाटली काढून समोर ठेवतो. तिच्यावर डॉट ३ नाहीतर डॉट ४ लिहिलेलं असतं, आणि मोटरसायकल, ऑटो, कार यांच्यासाठी ते बरोबरच असतं. सायकलींना डिस्क ब्रेक आले तशी हीच बाटली सायकलच्या दुकानातही शिरली. नागपुरात मी जे बिघडलेले हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक हाताळले, त्यातले कितीतरी पडून, आपटून किंवा झिजून बिघडलेले नव्हते. त्यांच्या पोटात चुकीचं तेल गेलं होतं.

म्हणून ब्रेकचे भाग बदलण्याबद्दल, आणि एका कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या भागाला जोडण्याबद्दल लिहायचं, तर सुरुवात तेलापासूनच व्हायला हवी. बाकी बऱ्याच गोष्टींत थोडं इकडेतिकडे चालतं. तेलात चालत नाही.

सायकलच्या ब्रेकमध्ये दोन प्रकारची तेलं असतात. शिमानो, टेक्ट्रो, माग्युरा यांचे ब्रेक मिनरल, म्हणजे खनिज, तेलावर चालतात. स्रॅमचे बहुतेक ब्रेक आणि इंग्लंडच्या होपचे ब्रेक डॉटवर. पण नुसतं कंपनीचं नाव वाचून ठरवू नये, कारण स्रॅमनंच अलीकडे डीबी ८ आणि मेव्हन हे ब्रेक मिनरल तेलावर काढले आहेत. डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉल ईथरची तेलं. ती हवेतला ओलावा शोषून घेतात आणि त्यामुळे त्यांचा उत्कलनबिंदू हळूहळू खाली येतो. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. तेच पाणी शोषलेलं असलं की ही हद्द १५५ अंशांवर येते. डॉट ५ हे नाव ५.१ च्या शेजारचं वाटत असलं तरी ते सिलिकॉनचं, अगदीच निराळं तेल आहे. मिनरल तेल पाणी शोषत नाही, म्हणून ते जास्त दिवस टिकतं. मात्र कुठून पाणी शिरलंच तर ते तेलात न मिसळता सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे नेमकं कॅलिपरमध्ये (चाकाजवळच्या, डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडनं पकडणाऱ्या भागात), जाऊन बसतं. आणि ब्रेक सगळ्यात जास्त तापतो तोही तिथेच.

खरा घात रबराच्या सीलमध्ये होतो. डॉटच्या ब्रेकमधली सीलं ईपीडीएम रबराची असतात, मिनरलच्या ब्रेकमधली साधारणपणे नायट्राइलची. तेलांची अदलाबदल झाली की सील रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगतं आणि मऊ पडतं. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. ब्रेक मस्त लागतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. काही दिवसांनी पिस्टन अडकायला लागतो, पॅड डिस्कला घासत राहतात, हँडलवरचा लिव्हर सोडला तरी पूर्ण परत येत नाही. तोवर दुरुस्ती करून देणारा ते काम विसरून गेलेला असतो आणि दोष सायकलच्या माथी मारला जातो.

माझ्या भाच्यानं कोणाकडून तरी सेकंडहँड माउंटन बाइक घेतली तेव्हा हाच धोका समोर होता. तो सायकल घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, समोरचा ब्रेक लागूनच नाही राहिला." लिव्हर दाबला की थेट ग्रिपला टेकायचा. बुडाशी तेलाचा ओशट थर होता, म्हणजे लिव्हरमधलं सील गेलेलं होतं. आधीच्या मालकानं त्यात काय भरलं असेल, याचा पत्ता नव्हता.

आम्ही सायकल महाल भागातल्या एका जुन्या मिस्तरींकडे नेली. त्यांनी लिव्हरला हातही लावला नाही. स्टीलच्या वाटीत पाणी मागवलं, कॅलिपरच्या निपलमधून, म्हणजे तेल काढायच्या बारीक तोंडातून, सिरिंजनं दोन थेंब काढले आणि पाण्यात सोडले. तेल काळपट होतं, त्यामुळे रंगावरून काही सांगता आलं नसतं. शिमानोचं नवं तेल गुलाबीसर असतं, माग्युराचं निळं, डॉट फिकट पिवळं. पण जुनं झालं की सगळी एका रंगाची होतात. थेंब पाण्यावर तरंगत राहिले. डॉट असतं तर ढवळल्यावर पाण्यात विरघळून गेलं असतं. मिस्तरी म्हणाले, "मिनरल हाये. कॅलिपर वाचला तुमचा. आता लिव्हर कोनताबी मिनरलचा आना, बसवून देतो."

त्या "कोनताबी"पाशी मी थबकलो. कंपन्या आपापल्या पुस्तिकेत सांगतात की आमचा लिव्हर आमच्याच कॅलिपरला लावा. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं, कारण जगातल्या प्रत्येक जोडीची चाचणी करणं कोणालाही शक्य नाही. पण नागपुरात बसून तेच अक्षरशः पाळायचं म्हटलं, तर एका लिव्हरसाठी सायकल आठवडेच्या आठवडे भिंतीला टेकून राहते. २०१७ मध्ये आपल्याच शहरातल्या डॉ. अमित समर्थ यांनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत एकट्यानं पूर्ण केली. पहाटे वर्धा रोडला, काटोल रोडला चांगल्या सायकली आज सर्रास दिसतात. सुट्या भागांची फळी मात्र त्या मानानं वाढलेली नाही. पूर्ण सेट मिळतो, सुटा भाग मिळत नाही. तेव्हा भागांची सरमिसळ करणं ही इथली गरज आहे, आणि ती गरज जुगाड म्हणून उडवून लावली की लोक ती न शिकताच करतात. मला ती नीट शिकून केलेली हवी आहे.

त्यासाठी ब्रेकच्या आत काय घडतं ते डोळ्यांसमोर यावं लागतं. सतराव्या शतकात पास्कलनं सांगून ठेवलं की बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. १९२१ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना याच तत्त्वावरचे ब्रेक आले. योगायोग असा, की जपानमधल्या साकाई इथे शिमानोचा कारखाना सुरू झाला तोही १९२१ मध्येच, पण तिथलं पहिलं उत्पादन फ्रीव्हील होतं.

समजा, लिव्हरमधल्या पिस्टनचा व्यास १० मिलिमीटर आहे आणि कॅलिपरमध्ये समोरासमोर २२ मिलिमीटरचे दोन पिस्टन आहेत. क्षेत्रफळं व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतात, म्हणजे १०० आणि ४८४. लिव्हरच्या पिस्टनवर जेवढा जोर पडला त्याच्या ४.८ पट जोर कॅलिपरच्या प्रत्येक पिस्टनवर येतो. हा फायदा फुकट मिळत नाही. तेवढंच तेल दोन मोठ्या पिस्टनांत वाटलं जातं, त्यामुळे लिव्हरचा पिस्टन १० मिलिमीटर सरकला तर पॅड जेमतेम १ मिलिमीटर पुढे येतो. पॅड आणि डिस्क यांच्यातली फट काही दशांश मिलिमीटरची असते, म्हणून एवढं पुरतं.

सरमिसळीचं सगळं गणित इथे आहे. लिव्हरचा पिस्टन मोठा आणि कॅलिपरचे लहान असं जोडलं, तर लिव्हर थोडासा हलून लाकडासारखा कडक थांबतो आणि बोटं दुखेपर्यंत दाबूनही सायकल हवी तशी थांबत नाही. उलट केलं, लहान पिस्टनचा लिव्हर आणि चार पिस्टनचा भरपूर तेल मागणारा कॅलिपर, तर जोर उदंड मिळतो, पण लिव्हर ग्रिपच्या जवळ येतो. पॅड झिजत आले की तो ग्रिपला टेकूही शकतो. शिमानोच्या काही लिव्हरमध्ये सर्व्हो वेव्ह नावाची रचना असते: सुरुवातीला पॅड झपकन पुढे येतात, मग जोर वाढतो. असा लिव्हर दुसऱ्या कॅलिपरला लावला की ब्रेकची चव बदलते. कोणाला ती आवडते, कोणाला फार झटकेदार वाटते. परदेशातल्या माउंटन बाइकवाल्यांमध्ये माग्युराचे चार पिस्टनचे कॅलिपर आणि शिमानोचे लिव्हर ही जोडी इतकी रुळली आहे की तिला "शिगुरा" असं टोपणनावच मिळालं. दोन्हींना मिनरल तेल चालतं, दोन्हींची मापं एकमेकांना साजेशी आहेत, म्हणून ती जमते. शिमानोचा लिव्हर आणि डॉटवाला कॅलिपर अशी जोडी कुणी कितीही सफाईनं बसवली तरी ती मी माझ्या घरातल्या कुणाला चालवू देणार नाही.

भाच्यासाठी आम्ही शिमानोचा एमटी २०० चा लिव्हर आणला. हा त्यांचा अगदी साधा, स्वस्तातला लिव्हर. कॅलिपर दुसऱ्या कंपनीचा, दोन पिस्टनचा, मिनरल तेलाचा. आणताना उजवा की डावा हे नीट विचारून आणला, कारण आपल्याकडे समोरचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि परदेशातून येणाऱ्या सेटमध्ये बरेचदा उलट असतं.

पाइपच्या जोडाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. पाइप बाहेरून बहुतेक ५ मिलिमीटरचे, एकसारखे काळे. आतलं भोक मात्र वेगवेगळं. शिमानोच्याच बीएच ५९ आणि बीएच ९० या दोन पाइपांची आतली मापं निराळी आहेत आणि त्यांची इन्सर्ट, म्हणजे पाइपच्या तोंडात ठोकायची ती बारीक नळी, एकमेकांना चालत नाही. मी पाळतो तो नियम असा: इन्सर्ट पाइपच्या मापाचं घ्यायचं आणि ऑलिव्ह (जोडात दबून बसणारं बारीक कडं) व नट लिव्हरच्या मापाचे. आम्ही कॅलिपरकडचा जोड हलवलाच नाही. लिव्हरकडचं टोक धारदार कटरनं काटकोनात कापलं, जुन्या पाइपच्या मापाचं इन्सर्ट ठोकलं, नवं ऑलिव्ह चढवलं. जुनं ऑलिव्ह पुन्हा वापरू नये. ते एकदाच दबायचं असतं. जोड झाल्यावर लिव्हर पूर्ण जोरानं दाबून काही वेळ धरून ठेवला आणि जोडाला टिश्यू पेपर गुंडाळून पाहिला. कोरडा निघाला.

मग ब्लीडिंग, म्हणजे तेल भरून आतली हवा बाहेर काढणं. कॅलिपरच्या निपलला सिरिंज, लिव्हरवर फनेल, आणि तेल खालून वर ढकलायचं, कारण हवेला वरच जायचं असतं. पाइपवर हलक्या टिचक्या मारायच्या, लिव्हर थोडाथोडा हलवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरायचा. घाई करणाऱ्याचं काम नाही हे. पॅड काढून ठेवायचे आणि पिस्टन पूर्ण मागे ढकलून मधे ब्लीड ब्लॉक, म्हणजे त्यांना मागेच धरून ठेवणारा ठोकळा, घालायचा. तो न घालता, पिस्टन पुढे आलेले असताना तेल काठोकाठ भरलं, तर आत गरजेपेक्षा जास्त तेल राहतं. लिव्हरच्या टाकीत रबरी पडदा असतो, तापल्यावर फुगणाऱ्या तेलाला जागा देण्यासाठी. जागाच उरली नाही तर फुगलेलं तेल पिस्टन पुढे ढकलतं. थंड हवेच्या गावी हे कदाचित लक्षातही येणार नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अशी सायकल दुपारभर उन्हात उभी राहिली की संध्याकाळी जड चालते, डिस्क घासल्याचा आवाज येतो, आणि माणूस बेअरिंग तपासत बसतो.

"नागपूर तर सपाट, इथे हायड्रॉलिक ब्रेक कशाला पाहिजे?" हे मला नेहमी ऐकवलं जातं. थांबावं लागतं ते काय फक्त उतारावरच? सिमेंट रस्त्यांच्या कडेला साचलेली बारीक रेती, मधूनच वळणारा ऑटो, रस्त्यात बसलेली जनावरं, आणि पावसाळ्यात रिंगला घासणाऱ्या रबराची सुटणारी पकड, हे सगळं सपाटीवरचंच आहे. दोन बोटांनी, न घाबरता, हवा तेवढाच ब्रेक लावता येणं यात मला चैन वाटत नाही. ज्या मुलाला भर ट्रॅफिकमधून कॉलेजला जायचं असतं, त्याच्यासाठी ती मूलभूत गोष्ट आहे.

पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून पॅडबद्दल. शहराबाहेर पडलं की आपली काळी माती लागते. ती ओली असताना चाकाबरोबर वर येते आणि पॅड आणि डिस्कच्या मधे बसून दोघांनाही घासत राहते. रेझिनचे पॅड शांत चालतात, पण अशा चिखलात भराभर संपतात. सिंटर्ड मेटलचे, म्हणजे धातूची पूड दाबून-तापवून केलेले, जास्त टिकतात आणि आवाज करतात. पॅडच्या बाबतीत सरमिसळ सगळ्यात सोपी, कारण अनेक कंपन्यांच्या पॅडचा आकार सारखाच असतो. शिमानोचे बी०१एस, बी०३एस आणि बी०५एस एकमेकांच्या जागी बसतात. पण स्वस्त डिस्कवर "रेझिन पॅड ओन्ली" असं कोरलेलं असतं, आणि तिथे मेटलचे पॅड घातले तर मऊ पोलादाची ती डिस्क पाहता पाहता खरवडून निघते. पॅडचा मसाला अर्धा मिलिमीटर उरला की शिमानो तो बदलायला सांगतं. मी त्याच्या जरा आधीच बदलतो.

डिस्क बदलताना जाडी पाहायची. शिमानोची नवी १.८ मिलिमीटरची असते आणि १.५ वर ती बाद. माग्युराची नवीच २ मिलिमीटर जाड असते. बसवायच्या दोन पद्धती, सहा बोल्टची आणि सेंटरलॉक, म्हणजे दातेरी हबवर एकाच कड्यानं आवळायची. सेंटरलॉक हबवर अडॅप्टर घालून सहा बोल्टची डिस्क लावता येते, उलटं जमत नाही. १६० च्या जागी १८० मिलिमीटरची डिस्क लावली तर तेवढ्याच जोरात साडेबारा टक्के जास्त पकड मिळते. त्यासाठी कॅलिपरखाली योग्य अडॅप्टर हवा आणि फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, तेवढी डिस्क चालते का, हे आधी बघायला हवं. फोर्क ही सरमिसळ करून पाहायची जागा नव्हे.

एवढं सगळं नीट करून ब्रेक बिघडतो तो पंक्चरच्या दुकानात. आपल्याकडे सायकल उलटी करून पंक्चर काढायची पद्धत आहे. टाकीत हवेचा एखादा बुडबुडा असेल आणि उलट्या सायकलचा लिव्हर कुणी दाबला, तर तो बुडबुडा पाइपमध्ये उतरतो. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. मग कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालून ते उचकटतो आणि पिस्टनचा टवका उडतो. आणि चेनवर मारलेला स्प्रे डिस्कवर उडला की पॅड कामातून जातात. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ होते, तेल पिऊन बसलेला पॅड सहसा होत नाही. यात पंक्चरवाल्या काकांची काही चूक नाही. त्यांना हे कोणी कधी सांगितलेलंच नसतं. मी जिथे जातो तिथे सांगतो, आणि पॅडच्या मधे घालायचा प्लास्टिकचा तुकडा तिथेच ठेवून येतो. आतापर्यंत कोणी वाईट मानलं नाही.

नवे पॅड आणि साफ केलेली डिस्क लगेच पूर्ण ताकदीनं धरत नाहीत. अंबाझरीकडच्या मोकळ्या रस्त्यावर भाच्याला पहाटे नेलं. वेग घ्यायचा, चाक लॉक न करता हळूहळू वेग उतरवायचा, पुन्हा वेग घ्यायचा, असं वीसतीस वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर एकसारखा चढला की पकड येते. सुरुवातीला तो वैतागला, "मामा, हे काय करून राहिलो आपण?" मग एका क्षणी त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं की ब्रेक आता धरतो आहे. तिथून सेमिनरी हिल्सचा उतार. त्यानंतरच्या रविवारी रामटेकच्या गडावरून खाली येताना मी त्याच्या मागे होतो, आणि माझी नजर पूर्ण वेळ त्या समोरच्या कॅलिपरवर होती. वळणाआधी वेग उतरत होता, वळणात ब्रेक सुटत होता. खाली आल्यावर लिव्हर दाबून पाहिला. जिथे सकाळी थांबत होता, तिथेच थांबत होता.

सरमिसळ केलेल्या ब्रेकची एक जबाबदारी नंतरही राहते. पुढे ही सायकल दुसऱ्या कोणाच्या हातात जाईल, दुसरा मिस्तरी ती उघडेल. त्याला लिव्हरवर एक नाव दिसेल, कॅलिपरवर दुसरं. म्हणून हँडलजवळच्या पाइपला पांढरी पट्टी गुंडाळून तिच्यावर पक्क्या शाईनं "मिनरल तेल" असं लिहिलं, खाली पॅडचा नंबर आणि ब्लीडिंगचा महिना. नागपुरातल्या प्रत्येक सायकल दुरुस्ती करणाऱ्यानं एवढं करावं असं मला फार वाटतं. आणि दुकानदारांनी डॉटच्या बाटलीशेजारी मिनरल तेलाची लहान बाटली आणि मूठभर ऑलिव्ह-इन्सर्ट ठेवावीत. त्यात फार भांडवल अडकत नाही.

मागचा ब्रेक अजून मूळचाच आहे. त्याचा एक पिस्टन दुसऱ्यापेक्षा हळू सरकतो, त्यामुळे डिस्क एका बाजूला किंचित ढकलली जाते. बहुधा नुसती घाण आहे. पिस्टन थोडा बाहेर काढायचा, कडेला कापसाच्या काडीनं मिनरल तेल लावायचं, मागे ढकलायचा, पुन्हा काढायचा. त्यानं सुटला तर ठीक, नाहीतर कॅलिपर शोधावा लागेल. मिस्तरींना सांगून ठेवलं आहे.